लागलं तर असावं

जीपच्या मागच्या बाकाखाली माझी पत्र्याची एक हिरवी पेटी असते. तिचं वजन मी कधी केलेलं नाही. पण ती उचलताना माझ्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकून तळमजल्यावरचे काका खिडकीतून ‘पाठ सांभाळा हो’ असं ओरडतात, त्यावरून अंदाज यावा. पाने, पक्कड, जॅक, टॉमी, बाइंडिंग वायर हे कुणाच्याही पेटीत सापडेल. माझ्या पेटीत त्याशिवाय दीड फुटाची सागवानी फळी आहे, कपड्याच्या साबणाची अर्धी वडी आहे, हळदीची पुडी आहे आणि पितळी मुठींचा एक अडकित्ता आहे. अडकित्त्याकडे नंतर येतो.

पेटी उघडली की लोक म्हणतात, वा, काय तयारी आहे! तयारी कसली डोंबलाची. या पेटीत एकही वस्तू दूरदृष्टीने आलेली नाही. प्रत्येक वस्तू, ती जवळ नसताना झालेल्या फजितीच्या दुसऱ्या दिवशी आलेली आहे. फळीचंच घ्या. ताम्हिणीत भर पावसात चाक बसलं. मी ऐटीत जॅक लावला आणि टॉमी फिरवू लागलो. बायको माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. दहा मिनिटांनी तिने शांतपणे विचारलं, ‘गाडी वर येतेय की जॅक खाली जातोय?’ जॅक खाली जात होता. साइडपट्टीच्या मुरमाचा चिखल झाला होता आणि त्याने जॅकला गुडघ्यापर्यंत गिळलं होतं. जॅकखाली फळी टाकायची म्हणजे भार पसरतो, हे मला मोटारसायकलवरून चाललेल्या एका दूधवाल्याने सांगितलं. गाडी त्याच्याकडे नव्हती, तरी हे त्याला माहीत होतं. माझ्याकडे गाडी होती.

हळद खंबाटकीतली. चढावर रेडिएटर गळायला लागला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांपलीकडे जाऊनही गप्प बसतं, आणि झाकण सैल केलं की सगळंच्या सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी झाकणापासून लांब उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. मागे थांबलेल्या एका ट्रकवाल्याने गाडी निवू दिली, आपल्या शिध्यातली मूठभर हळद रेडिएटरमध्ये घातली, वर पाणी ओतलं आणि म्हणाला, ‘जा आता.’ गळती थांबली! पुढे महिनाभर गाडी तापली की पिठलं शिजत असल्यासारखा वास यायचा. मिस्त्रींनी रेडिएटर उघडला तेव्हा पिवळं पाणी बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘साहेब, गाडीला सर्दी झाली होती का?’ मग समजावून सांगितलं की हळद फुगून भोक बुजवते, पण भोक कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे तिला कळत नाही. सगळंच बुजवते. साबणाची वडी डिझेलच्या टाकीला दगड लागून पाझर फुटला त्या वेळची. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून भेगेवर घासून बसवला की घरी पोचेपर्यंत धरतो. जाड दोर आणला तो चिखलात रुतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. ट्रॅक्टर ती दोरी घेऊन पुढे गेला, आम्ही तिथेच राहिलो.

थोडक्यात, माझी पेटी कालच्या संकटाला कायम सज्ज असते. उद्याचं संकट मात्र दरवेळी नवीन काहीतरी मागतं.

जीप 1997 सालची आहे आणि मी तिचा चौथा मालक. घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, ‘एवढ्या पैशात एखादी बरी सेकंडहँड गाडी आली असती.’ मी म्हटलं, ‘ही सेकंडहँडच आहे.’ तिने आरसी बुकावरची नावं मोजून दाखवली. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या जीपने ते टप्पे ओलांडले आहेत. माणूस साठीला पोचला की सरकार त्याला सवलती देतं. गाडी पंधराची झाली की तिच्याकडून कर घेतं. गाडीच्या बाबतीत सरकारला वास्तवाचं भान जास्त आहे असं मला वाटतं.

या जातीचं घराणं मात्र मोठं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपगाड्या बनवल्या, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी त्यांची जुळणी आपल्याकडे सुरू केली. त्या लष्करी जीपचे जुने फोटो बघा. ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेरून, पट्ट्यांनी आवळलेली एक कुऱ्हाड आणि एक फावडं दिसेल. म्हणजे गाडी बनवणाऱ्यालाच खात्री होती की ही कुठेतरी जाऊन बसणार आहे. अशा प्रामाणिक गाड्या आता निघत नाहीत. आता कप ठेवायची जागा देतात.

फावड्याची पाळीच येऊ नये म्हणूनही त्या सैन्याने खटपट केली. अमेरिकी लष्कर 1951 पासून ‘पी.एस.’ नावाचं एक मासिक काढू लागलं. पी.एस. म्हणजे आपलं ता.क.; लष्कराच्या इतर जाडजूड पुस्तिकांना जोडलेलं. त्याचं पूर्ण नाव ‘द प्रिव्हेन्टिव्ह मेन्टेनन्स मंथली’, आणि विषय एकच: बिघडायच्या आधी काय करावं. ते रुक्ष होऊ नये म्हणून विल आयस्नर या नामांकित चित्रकाराकडून त्यात कॉमिक काढून घेत. आयस्नरने त्याआधी युद्धकाळातच ‘जो डोप’ नावाचा एक वेंधळा शिपाई जन्माला घातला होता. हा जो गाडीकडे कधी बघत नाही आणि मग पस्तावतो. युद्ध जिंकलेल्या सैन्याला ऑइल तपासा हे सांगायला चित्रं काढावी लागली. मग माझ्या मिस्त्रींनी नुसत्या तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यात कसं राहावं?

आमचे मिस्त्री नाना पेठेच्या एका बोळात बसतात. एका हाकेवर स्पेअर पार्टची दुकानं, त्यामुळे त्यांच्या गॅरेजात सामान कमी आणि उपदेश जास्त. त्यांचं म्हणणं साधं आहे. जुन्या गाडीला हत्यार लागत नाही, हात लागतो. सकाळी ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल काळं असेल तर डिझेलच्या इंजिनात ते काळं व्हायचंच. पण पट्टीवर दुधाळ, कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी उतरलंय, तिथेच चावी काढायची. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली की गरम पाणी ओतायचं, कोरडं करायचं, वर व्हॅसलीन. टायरची नुसती नक्षी बघून भागत नाही, वय बघायचं: कडेला चार आकडे छापलेले असतात, 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. माझी स्टेपनी अशी निरखली तेव्हा कळलं की ती माझ्या पुतणीच्या आधीची आहे, आणि पुतणी दहावीला होती.

आणि ग्रीस. पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, जिथे म्हणून निप्पल दिसेल तिथे ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. हे काम गाडीखाली उताणं झोपून करायचं असतं, अर्धा तास लागतो, आणि केल्यावर गाडी आधी होती तशीच चालते. इथेच तर गोम आहे. घाटात बंद पडलेली गाडी चालू केली की माणूस आठवडाभर ती कथा सांगतो. ग्रीस मारल्यामुळे गाडी बंद पडली नाही, ही कथा कुणाला सांगणार?

फोर बाय फोरच्या दांड्याची गंमत तर विचारूच नका. कोरड्या डांबरावर तो टाकायचा नाही, कारण वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरच्या पेटीत साठतो. एवढं मी पाठ केलं आणि इतक्या निष्ठेने पाळलं की तीन वर्षं दांड्याला हात लावला नाही. मग एके दिवशी पानशेतकडे चिखलात जाऊन मोठ्या रुबाबात दांडा ओढला, तर तो जागचा हलेना. वापराविना जाम. मिस्त्री म्हणाले, महिन्यातून एकदा मातीवर नेऊन टाकत जा, व्यायाम म्हणून. ज्या एका गुणासाठी गाडी घेतली तो गुण मी इतका जपून ठेवला की गंजला.

मिस्त्रींनी सांगितलेल्यापैकी एकच गोष्ट मी इमानेइतबारे करतो, आणि ती भीतीपोटी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. हे ऑइल डबीत कितीही शुद्ध असलं तरी हवेतली ओल पीत राहतं. ‘डॉट 3’ जातीचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. ओल प्यायलेल्याला हीच मर्यादा 140 वर येते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ते तापतं, उकळतं, आत वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ लोण्यासारखं तळाला जातं आणि गाडी जातच राहते. मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपला पाय हवेत असा काही दाबून दाखवला की मी त्याच दिवशी ऑइल बदलून घेतलं. ज्या गिअरवर चढ चढलात त्याच गिअरवर उतरा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवणही तेव्हापासून मानतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

एरवी आपल्याकडे गाडीची नियमित देखभाल खंडेनवमीला होते. गाडी धुतात, झेंडूची माळ घालतात, पाने-पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. माझ्या पेटीतल्या हत्यारांना वर्षातून त्या एकाच दिवशी एवढा वेळ हात लागतो. लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी बदलली जाते. तिचं वेळापत्रक कुणी चुकवत नाही. ऑइल फिल्टर लिंबासारखा बाहेर लटकत असता तर तोही वेळेवर बदलला गेला असता.

असो. अडकित्ता.

सांगलीहून आत्या आली होती. वय शहात्तर, पाठ ताठ, कमरेला चंची. जुलै होता, धुंवाधार पाऊस, आणि तिला मढे घाट बघायचा होता. सिंहगड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांना याच वाटेने उमरठ्याला नेलं असं सांगतात. हे कुठेतरी ऐकल्यापासून तिने मनावर घेतलं होतं. ‘तुझ्या त्या गाडीचा काहीतरी उपयोग होऊ दे,’ ती म्हणाली. वेल्ह्यात चहा झाला, पासली मागे पडली, केळदच्या वाटेला चढ लागला, आणि इंजिनाने खाकरायला सुरुवात केली. खाकरलं, सावरलं, पुन्हा खाकरलं आणि गप्प झालं. बायको सवयीने उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावून आली.

आपल्याकडे निर्मनुष्य रस्ता नावाची गोष्ट बॉनेट उघडेपर्यंतच असते. दोन मिनिटांत चार जण जमले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले एक गुराखी आजोबा, मोटारसायकलवरचे दोघे, आणि एक जण जो कुठून आला ते अजून कळलेलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला: ‘डिझेल आहे का?’ मी आहे म्हटलं. चौथ्यानेही तेच विचारलं. मी गाडीखाली शिरून कुठे गळतंय का ते बघितलं. थेंब नाही. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, खिडकीतून मान काढली, माझ्याकडे न बघता इंजिनाकडे बघितलं. ‘एअर पकडली. टाकीकडनं येणारा पाईप बघा,’ म्हणाला आणि गेला. डॉक्टरही हल्ली इतक्या लांबून निदान करत नाहीत.

पाईप बघितला. पंपाला जिथे तो बसतो तिथे, क्लिपेच्या लगत, टाचेला पडते तशी भेग होती. टाकीकडून पंपाकडे डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे अशा भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मी बाहेरची गळती शोधत होतो, गळत होतं ते आतल्या आत. आणि ही भेग मला नवीन नव्हती. एप्रिलमध्ये मिस्त्रींनी बोट लावून दाखवली होती. ‘दीडशे रुपयांचं काम आहे, बदलून टाकू.’ मी म्हटलं होतं, ‘पावसाळ्यानंतर बघू.’

उपाय सोपा होता. चिरलेलं टोक कापायचं, उरलेला पाईप ओढून पुन्हा बसवायचा, क्लिप आवळायची. आत्याचं गाठोडं, जेवणाचे डबे, छत्र्या, सतरंजी हे सगळं पावसात उतरवून मी पेटी काढली. फळी होती, साबण होता, हळद होती. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मी बायकोकडे बघितलं.

‘कुकरची दांडी सैल होते सारखी,’ ती म्हणाली. ‘दरवेळी कोण खाली येणार? ओट्याच्या ड्रॉवरमध्ये आहे.’

‘आणि कटर?’

‘तो दिवाळीच्या आकाशकंदिलाला तूच वर नेला होतास.’

हे खरं होतं. त्याचं झालं असं की पेटी इतकी सुसज्ज होती की घरात काहीही मोडलं की आम्ही तिच्यातूनच हत्यार नेत होतो. घर आता उत्तम चालत होतं.

आत्या पुढच्या सीटवर बसून हे ऐकत होती. तिने चंची सोडली. पान, चुन्याची डबी, कात बाजूला करून अडकित्ता काढला आणि खिडकीतून पुढे केला. ‘हे धर.’

‘आत्या, डिझेल लागेल त्याला.’

‘चुना-काताला नाही घाबरला तो आजवर. काप.’

पाईप पात्यांमध्ये धरला आणि मुठी दाबल्या. कट्! इतका सरळ, स्वच्छ काप मिस्त्रींच्या हॅकसॉनेही येत नाही. क्लिपेच्या खाचेत बायकोच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या नेलकटरची कानस बसली. गुराखी आजोबांनी प्लास्टिकची खोळ माझ्या डोक्यावर धरली होती. एवढं झाल्यावर हवा काढायची राहिली. फिल्टरवरचा छोटा स्क्रू पान्याने सैल करायचा (हा पाना पेटीत होता, आणि पेटीने त्या दिवशी केलेली ही एकमेव मदत) आणि हातपंप दाबत राहायचं. आधी नुसतं फुसफुस होतं, मग फेस येतो, मग फेस आणि डिझेल, आणि शेवटी बुडबुड्याशिवाय डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा.

‘काय करतोय तो?’ आत्याने बायकोला विचारलं.

‘इंजिनात हवा अडकलीय, आत्या. ती काढताहेत.’

‘ढेकर काढतोय म्हण की. मग थोपटून काढ म्हणावं, दाबतोय कशाला.’

जमलेली मंडळी हसली. स्टार्टर तीनदा फिरवला. चौथ्या खेपेला इंजिनाने निळसर धूर सोडला आणि लागलं. मोटारसायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गिअर टाकला, तेवढ्यात आत्या म्हणाली, ‘दगड?’ मी म्हटलं, राहू दे, चढावर आहे, थांबलो तर पुन्हा... ‘रात्री एखादा दुचाकीवाला आपटेल त्याच्यावर. उतर.’ मी उतरलो. घाटात रस्त्याच्या मधोमध असे किती दगड दिसतात! प्रत्येक दगड म्हणजे कुणाची तरी गाडी चालू झाल्याची खूण. दगड उचलून गटाराच्या कडेला ठेवला, तेवढ्यात गाडी बायकोने पुढे नेली होती, त्यामुळे शंभर पावलं मी भिजत चाललो.

मढे घाटात पोचलो तेव्हा धबधबा ढगात होता. आवाज तेवढा येत होता. आत्याने त्या दिशेला हात जोडले, मग बसून सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि दोनदा चावून थांबली.

‘माझ्याजवळ कुणी काडी ओढू नका रे,’ ती म्हणाली.

ती सांगलीला गेली ती नवा अडकित्ता घेऊन. जुना, तीनदा चिंचेने घासूनही डिझेलचा वास न गेलेला, माझ्या पेटीत आला. दुसऱ्या दिवशी मी एक मीटर पाईप, सहा क्लिपा आणि दोन स्क्रू ड्रायव्हर आणले, एक पेटीला आणि एक कुकरला. सध्या दोन्ही ओट्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पेटी उघडली, पाने बाजूला केले आणि अडकित्ता उचलून उजेडात धरला.

‘हा कशाचा पाना, साहेब?’

मी सांगितलं. त्यांनी तो मानाने परत ठेवला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाले, ‘फॅनबेल्टला चिरा पडल्यात. हा कुठेतरी तुटणार. बदलून टाका.’

या वेळी मी पुढे ढकललं नाही. तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि नवाकोरा बेल्ट घेऊन आलो. मिस्त्रींनी खूश होऊन पाना हातात घेतला. ‘बसवू?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘जुना चालतोय अजून. हा पेटीत ठेवा. लागला तर असावा.’